निम्मा कागद त्यांचा

सरकारी पैसा चोरीला गेला की बातमी होते, चौकशी लागते, कुणीतरी निलंबित होतं. तोच पैसा वाया गेला तर यातलं काहीही होत नाही, कारण वाया गेलेल्या पैशाची कागदपत्रं बहुतेक वेळा चोख असतात. प्रशासकीय मान्यता असते, निविदा असते, तुलनात्मक तक्ता असतो, पुरवठा आदेश असतो, साठा नोंदवहीत नोंद असते, बिलावर शिक्का असतो. कुणाच्या खिशात दमडी गेलेली नसते. फक्त ज्यांच्यासाठी खर्च केला, त्यांना त्याचा उपयोग झालेला नसतो. नागपूरच्या महालेखाकार कार्यालयात माझी सगळी नोकरी अशा चोख कागदांमध्ये गेली. चोरीपेक्षा ही नासाडी आपल्याला जास्त महाग पडते, असं माझं ठाम मत त्यातूनच झालं.

नातेवाईक विचारायचे, "म्हणजे तुम्ही अँटी करप्शनवाल्या का?" तसं नाही. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या सरकारी कार्यालयांचं लेखापरीक्षण नागपूरहून व्हायचं, उरलेल्या महाराष्ट्राचं मुंबईहून. आम्ही राज्य सरकारचे नोकर नव्हतो, ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आमचे साहेब, त्यांचे साहेब आणि सगळ्यात वर नियंत्रक व महालेखापरीक्षक. राज्यघटनेच्या १४८ ते १५१ या कलमांनी या पदाला संरक्षण दिलं आहे. या पदावरून उतरलेल्या माणसाला केंद्रात किंवा राज्यात पुन्हा कुठलंही सरकारी पद घेता येत नाही. उद्या काहीतरी मिळेल या आशेने आज कुणाला खूश करायची वेळ येऊ नये, म्हणून ही तरतूद. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी हा अधिकारी घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचं म्हटलं होतं. हे मला नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळालं. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी, पंखा बंद असलेल्या खोलीत व्हाउचरांचे गठ्ठे सोडत बसलेल्या माझ्यासारखीला त्याचं मोल वेगळंच वाटलं.

माझ्या पहिल्या ऑडिट पार्टीचे प्रमुख निवृत्तीला आलेले होते. कार्यालयात शिरलो की ते आधी रोजकीर्द मागवायचे, मग चहा. चहाचे पैसे आमचे आम्ही देणार, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे. समोरच्याला ते जरा लागायचं, पण दोन दिवसांनी त्याच माणसाचं वागणं मोकळं व्हायचं. मुंबई वित्तीय नियम १९५९ मधलं एक तत्त्व त्यांनी मला सुरुवातीलाच समजावून सांगितलं. साधारण शहाणपणाचा माणूस स्वतःच्या पैशाबद्दल जेवढी काळजी घेतो, तेवढीच सरकारी अधिकाऱ्याने सरकारी पैशाबद्दल घेतली पाहिजे, असा त्याचा आशय. "आपण गुन्हेगार शोधायला आलेलो नाही," ते म्हणाले. "हा खर्च यांनी स्वतःच्या खिशातून असा केला असता का, एवढंच बघायचं. उत्तर नाही आलं, तर प्रश्न लिहायचा."

प्रश्न लिहायचा म्हणजे हाफ मार्जिन काढायचं. हा शब्द आमच्या खात्याबाहेर कुणाला ठाऊक नसतो. पूर्वी फुलस्केप कागद मधोमध उभा दुमडायचा, डावीकडच्या निम्म्या भागात आपला प्रश्न लिहायचा आणि उजवीकडचा निम्मा भाग कोरा सोडायचा. तो कोरा भाग समोरच्या कार्यालयाचा. त्यांचं उत्तर तिथे, त्यांच्या सहीने. पुढे प्रिंट आल्या, मग सगळं संगणकावर गेलं, पण रीत तीच राहिली. उत्तर घेतल्याशिवाय आमचा कुठलाही आक्षेप पुढे जात नाही. हा निम्मा कागद ज्याला मनापासून सोडता येतो, तोच या कामाला लायक, असं मी पुढे माझ्या पार्टीतल्या मुलामुलींना सांगत आले.

ते का, हे मला मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नीट कळलं. तीस खाटांचं रुग्णालय. आम्ही जिल्ह्याच्या कार्यालयात खरेदीची कागदपत्रं बघत होतो. क्ष-किरण यंत्रांची खरेदी होती, अनेक रुग्णालयांसाठी एकत्र केलेली. नव्वद टक्के रक्कम यंत्र सुस्थितीत मिळाल्यावर आणि दहा टक्के ते बसवून चालू करून दिल्यावर द्यायची, अशी अट होती. नव्वद टक्के दिलेले होते. सगळं नियमात. पण मला एका गोष्टीने अडवलं. उरलेले दहा टक्के दोन वर्षं उलटली तरी पुरवठादाराने मागितलेच नव्हते. कुठलाही व्यापारी आपले हक्काचे पैसे असे सोडत नाही. फाइलमध्ये त्याचं एकही स्मरणपत्र नव्हतं. याचा अर्थ त्याला मागता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या रुग्णालयात गेलो. औषध निर्माण अधिकाऱ्याने भांडारखोलीचं कुलूप काढलं. यंत्र लाकडी पेटाऱ्यात होतं, जसं आलं तसं. पेटाऱ्यावर बाण छापलेले होते, हे टोक वर ठेवा असं सांगणारे, आणि पेटारा आडवा पडलेला होता. बाजूला प्लॅस्टिकच्या पाकिटात सामानाची यादी चिकटवलेली होती. ते पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. पेटाऱ्यावर सलाइनची खोकी रचून ठेवली होती, कारण खोलीत ओल यायची आणि खोकी जमिनीवर ठेवता येत नव्हती. मी हमीपत्र मागवलं. हमीची मुदत यंत्र पेटाऱ्यात असतानाच संपून गेली होती.

बाहेर ओपीडीत हात गळ्यात बांधलेला एक मुलगा बापाबरोबर बाकावर बसला होता. त्याला एक्स-रेसाठी जिल्ह्याच्या गावी जायला सांगितलं होतं आणि ते दोघं एसटीची वेळ होईपर्यंत थांबले होते. तिकिटाचे पैसे, एक्स-रेचे पैसे, बापाची बुडालेली मजुरी, हे कुठल्याच हिशेबात येत नाही. आमच्या अहवालात 'रुग्णांची गैरसोय झाली' असं एक वाक्य असतं, त्या वाक्यात हे सगळं बसवायचं असतं.

सुरुवातीला रुग्णालयाच्या लिपिकाने उजव्या बाजूला नेहमीचं उत्तर लिहून दिलं: नोंद घेतली, पूर्तता करून कळवण्यात येईल. असं उत्तर घेऊन मी परत आले असते, तर आक्षेप त्या रुग्णालयावर बसला असता आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला खुलासा द्यावा लागला असता. तरुण डॉक्टर होते, बंधपत्रावर आलेले. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "डॉक्टर, ही बाजू तुमची आहे. जे झालं ते लिहा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, हे यंत्र मी मागितलंच नव्हतं. मी तंत्रज्ञ मागितला होता."

त्यांनी कपाटातून पत्रांच्या प्रती काढल्या. क्ष-किरण तंत्रज्ञाचं पद भरावं म्हणून त्यांच्या आधीच्या डॉक्टरांनी लिहिलेलं पत्र. थ्री फेज वीजजोडणीसाठी बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेला पाठवलेलं पत्र. क्ष-किरण खोलीसाठी ठरावीक जाडीच्या भिंती लागतात, दरवाजाला शिशाचा पत्रा लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, हे सांगणारं आणखी एक पत्र. एकाचंही उत्तर आलेलं नव्हतं. उत्तर म्हणून यंत्र आलं होतं, मार्च महिन्याच्या शेवटी, ट्रकमधून.

तो उजवीकडचा निम्मा कागद भरला आणि आमच्या आक्षेपाची दिशाच बदलली. खालच्या रुग्णालयाने यंत्र वापरलं नाही, हा खरा मुद्दा नव्हताच. कुठे खोली आहे, कुठे वीज आहे, कुठे माणूस आहे, हे न विचारता वरून यंत्रं घेतली आणि वाटून टाकली, हा मुद्दा होता. मी नागपूरला कळवलं. दुसऱ्या जिल्ह्यांत गेलेल्या पार्ट्यांनी त्या खरेदीतली इतर यंत्रं बघितली. काही चालू होती, काही पेटाऱ्यातच होती. चालू असलेल्यांची संख्याही आम्ही मसुद्यात लिहिली. ती लिहिणं फार आवश्यक असतं. बंद यंत्रांचीच यादी दिली असती तर बातमी मोठी झाली असती आणि अहवाल मात्र खोटा ठरला असता.

मार्चचं कोडं बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण खात्याच्या हातात पैसा यायला बराच उशीर होतो. मान्यता, सुधारित अंदाज, पुरवणी मागण्या, मग वितरण. पुष्कळदा मोठा हिस्सा फेब्रुवारी-मार्चमध्येच येऊन पडतो. ३१ मार्चला न खर्चलेलं अनुदान व्यपगत होतं. आणि या वर्षी खर्च झाला नाही म्हणजे गरज नव्हती, असं धरून पुढच्या वर्षीच्या तरतुदीला कात्री लागते. मग अधिकारी काय करणार? ज्याची निविदा लगेच निघते, जे ट्रकमधून येतं, ज्याची नोंद साठा वहीत एका ओळीत होते, ते घेतलं जातं. तंत्रज्ञ ट्रकमधून येत नाही. त्याच्यासाठी पदभरती लागते, ती एका मार्चमध्ये होत नाही.

एका जिल्हास्तरीय अधिकाऱ्याने मला स्पष्टच सांगितलं होतं, "मॅडम, पैसे परत गेले तर मला नोटीस येते. वस्तू पडून राहिली तर कुणालाच येत नाही." हे वाक्य मी विसरू शकलेले नाही. नासाडीची मुळं माणसांच्या लबाडीत शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही, ती या एका वाक्यात आहेत. व्यवस्था ज्या गोष्टीची शिक्षा देते ती माणूस टाळतो. वाया घालवण्याची शिक्षा नाही, परत करण्याची आहे. त्या अधिकाऱ्याला मी दोष दिला नाही. पण त्याने घेतलेल्या आणि पडून राहिलेल्या सामानावर हाफ मार्जिन काढलं, आणि त्यानेही उजव्या बाजूला हेच कारण लिहून सही केली. त्यासाठी धैर्य लागतं.

आता मोठ्या गोष्टीकडे वळते, कारण विदर्भात राहून गोसीखुर्दबद्दल न लिहिणं शक्य नाही. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरचा हा प्रकल्प. १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हाची किंमत ३७२ कोटी रुपये. १९८८ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. २०१६ च्या सुधारित मान्यतेत किंमत १८ हजार ४९४ कोटींवर गेली. अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची हे उद्दिष्ट.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणीही संतापेल, मीही संतापते. पण आमच्या कामाची शिस्त अशी की संतापाच्या आधी वजाबाकी करायची. या वाढीत महागाईचा वाटा आहे. भूसंपादनाचा मोबदला वाढला, त्याचा वाटा आहे, आणि ज्यांची घरं-शेतं पाण्याखाली गेली त्यांना जास्त मिळालं तर ती नासाडी म्हणता येणार नाही. कामाची व्याप्ती वाढली, त्याचाही वाटा आहे. हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं त्याबद्दल बोलायचं: जमीन ताब्यात नसताना दिलेले कालव्यांचे कार्यारंभ आदेश, अर्धवट राहिलेली कामं, धरणात पाणी असून शेतापर्यंत न पोचलेल्या वितरिका, पुन्हा पुन्हा करावी लागलेली दुरुस्ती. कालवा सलग असावा लागतो. मधल्या एका शेताची जमीन मिळाली नाही तर त्याच्या वर आणि खाली खर्च केलेला सगळा पैसा थांबून राहतो. आणि थांबलेल्या पैशाची किंमत सगळ्यात जास्त मोजतो तो कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी. त्याच्या तरुणपणी पाणी येणार होतं, आता त्याचा नातू शेती करतो.

मोठ्या रकमा आल्या की राजकारण येतं. इथे आमची खरी परीक्षा असते. राज्यातल्या सिंचन प्रकल्पांच्या व्यवस्थापनावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१४ च्या जूनमध्ये, विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी, सभागृहात आला. तेव्हाच्या विरोधकांनी तो डोक्यावर घेतला. सहा वर्षांनी, २०२० मध्ये, जलयुक्त शिवार योजनेवरचा अहवाल आला. ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात योजनेला फारसं यश आलं नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तोवर सत्तेतले आणि विरोधातले बाक बदलले होते. २०१४ ला ज्यांनी आमच्या कार्यालयाचं कौतुक केलं त्यांनी २०२० ला शंका घेतल्या, आणि ज्यांना २०१४ चा अहवाल टोचला होता त्यांना २०२० चा पटला. पक्षांची नावं मी लिहीत नाही, वाचकांना ती ठाऊक आहेत. मला सांगायचंय ते एवढंच की दोन्ही अहवाल एकाच पद्धतीने, एकाच नियमांनी झाले.

जलयुक्तच्या अहवालावर एक आक्षेप असा आला की तपासलेली कामं एकूण कामांच्या मानाने फार थोडी होती. या आक्षेपाला मी हसणार नाही. नमुना किती घेतला, कसा निवडला, हे विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे आणि अहवालात ते लिहिलेलं असतं. लाखो कामं कुणीच एकेक करून तपासू शकत नाही, म्हणून जिल्हे, तालुके, गावं ठरलेल्या पद्धतीने निवडली जातात, आपल्याला सोयीची म्हणून नव्हे. लेखापरीक्षकावर विश्वास ठेवा असं मी कधीच म्हणत नाही. त्याची पद्धत तपासा, असं म्हणते. निःपक्षपणा हा आमच्या स्वभावाचा गुण असतो असंही नाही. आम्हीही मतदान करतो, आमच्याही घरात वाद होतात. तो पद्धतीत बसवलेला असतो: पुरावा जोडल्याशिवाय वाक्य लिहायचं नाही, खात्याचं उत्तर त्याच परिच्छेदात छापायचं, ते पटलं नाही तर का पटलं नाही हेही लिहायचं आणि विशेषणं काढून टाकायची. माझ्या मसुद्यांतली 'प्रचंड', 'अक्षम्य', 'बेजबाबदार' अशी विशेषणं वरिष्ठांनी लाल शाईने खोडली. पुढे मीही दुसऱ्यांची खोडली. विशेषण गेलं की वाक्य हलकं होत नाही. उलट त्यावर वाद घालायला जागा उरत नाही.

अहवाल राज्यपालांकडे जातो, तिथून विधिमंडळात मांडला जातो, मग लोकलेखा समितीकडे. लोकसभेत या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत १९६७ पासून चालत आला आहे आणि मिनू मसानी हे तसे पहिले अध्यक्ष. समितीपुढे सचिवांची साक्ष होते. वर्तमानपत्रात येत नसलं तरी लेखापरीक्षणाचा खरा परिणाम घडतो तो या खोलीत. पक्षाचे झेंडे बाहेर ठेवून आमदार एखाद्या सचिवाला विचारतात, 'पुलाला जोडरस्ता नाही, मग पूल का बांधला?', तेव्हा पुढचे दहा पूल बांधताना कुणीतरी आधी जमिनीचं बघतं. पण अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, त्यावर चर्चा होत नाही, आणि समितीपर्यंत पोचेपर्यंत खर्च करणारे अधिकारी बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेले असतात. तपासणी अहवालातल्या परिच्छेदांना महिन्याच्या आत पहिलं उत्तर द्यायचं असतं. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं प्रलंबित राहिलेले परिच्छेद मी पाहिले आहेत, काही माझ्या स्वतःच्या हातचे. याचं दुःख होतं, आजही.

त्या क्ष-किरण यंत्राचं मात्र चांगलं झालं. आमचा परिच्छेद गेल्यावर ते यंत्र एका उपजिल्हा रुग्णालयात हलवलं गेलं, जिथे खोली आणि तंत्रज्ञ दोन्ही होते. पुढच्या खरेदीच्या प्रस्तावात 'जागा, वीज व मनुष्यबळ उपलब्ध असल्याचं प्रमाणपत्र' मागवायला सुरुवात झाली. एक ओळ वाढली. नोकरीत मिळवलेल्या गोष्टींमध्ये मी ती फार वरती ठेवते.

लेखापरीक्षणाची एक मर्यादा मला शेवटपर्यंत छळत राहिली. आम्ही नेहमी नंतर पोचतो. पैसा खर्च झाल्यावर, यंत्र पेटाऱ्यात पडल्यावर, कालवा फुटल्यावर. आधी प्रश्न विचारू शकतो तो फक्त तिथे राहणारा माणूस. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराणा गावी पहिली जनसुनवाई घेतली आणि सरकारी कामांची हजेरीपत्रकं, बिलं गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली. ज्यांच्या नावावर मजुरी लागली होती ते लोक समोरच बसलेले होते. आमच्यासारखे बाहेरून येणारे जे कागदावरून ताडतात, ते त्यांना नुसतं ऐकून कळलं. महाराष्ट्रात २००२ चा आणि मग देशभर २००५ चा माहिती अधिकार कायदा आला, तेव्हा कागद मागण्याची वाट सगळ्यांना मोकळी झाली. कागद मिळणं आणि वाचता येणं यात मात्र अंतर आहे. ते अंतर कमी करावं असं वाटून मी निवृत्तीनंतर माझ्या सासरच्या गावी, वर्धा जिल्ह्यात, ग्रामपंचायतीचे हिशेब वाचायला बसू लागले.

ग्रामपंचायतीचे नमुने एक ते तेहतीस. सामान्य रोकडवही नमुना पाच, घरपट्टीची आकारणी नमुना आठ. वित्त आयोगाच्या पैशात बंधित किती, अबंधित किती. बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चता येतो. हे एकदा समजलं की दहावी झालेल्या मुलीही रोकडवही वाचू शकतात, आणि वाचतात. पण गाव म्हटलं की दोन गट आलेच. पहिल्याच बैठकीला विरोधी गटाची पोरं उत्साहाने आली. त्यांना सरपंचाच्या विरोधात मुद्दे हवे होते. मी म्हटलं, "भाऊ, चालू मुदतीचे कागद वाचायचे तर मागच्या मुदतीचेही वाचायचे. आणि सरपंचांनाही बोलवायचं." मागच्या मुदतीत त्यांचाच गट सत्तेत होता. काहीजण उठून गेले. जे थांबले त्यांच्यावर हे काम चाललंय.

मागच्या मुदतीत सौर पथदिवे घेतले होते. बरेचसे बॅटऱ्या संपल्यावर बंद पडले, नव्या बॅटऱ्यांची तरतूदच नव्हती. चालू मुदतीत पाणी शुद्धीकरणाचा आरओ प्लांट घेतला. तो वर्षभर चालला, मग विजेचं बिल थकलं, मेम्ब्रेन बदललं नाही आणि शटर खाली आलं. दोन्ही गटांची एकेक गोष्ट समोर आली, तेव्हा बैठकीतला आवाज आपोआप खाली आला. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय उरली नाही आणि मग लोक दिव्यांबद्दल, पाण्याबद्दल बोलायला लागले. सरपंचांनी आणि माजी सरपंचांनी आपापली बाजू कागदावर लिहून दिली. मी कागद मधोमध दुमडूनच दिला होता.

या वर्षी वरच्या आळीसाठी दुसऱ्या आरओ प्लांटचा प्रस्ताव आला. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे तो वाचला गेला. बचत गटातल्या एक ताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "याचं लाइट बिल कोण भरणार?" कुणाकडे उत्तर नव्हतं. पहिल्या प्लांटचं मेम्ब्रेन किती रुपयांत येतं, हे त्यांनी आधीच तालुक्याहून विचारून आणलं होतं. नव्या प्लांटच्या किमतीसमोर ती रक्कम अगदीच किरकोळ होती. ग्रामसभेत दोन्ही गटांनी हात वर केले: नवा प्लांट नको, जुना दुरुस्त करायचा, कॅनमागे ठरावीक पैसे घेऊन तो बचत गटाने चालवायचा आणि बिल त्यातून भरायचं.

त्याच सभेत आणखी एक गोष्ट ठरली. यापुढे कुठलीही वस्तू घेण्याचा प्रस्ताव आला की ती चालवायला दरवर्षी किती लागतील आणि ते कोण देणार, हे त्यात लिहिलेलं असलंच पाहिजे. ग्रामसेवक म्हणाले, छापील नमुन्यात असा रकाना नाही. तेव्हा पट्टी आणून तो हाताने आखला, आणि पहिली नोंद त्या दुरुस्त होणाऱ्या प्लांटचीच केली.